शेवटचा डबा दिसेपर्यंत

मालगाडी दिसली की मी डबे मोजते. पन्नाशी उलटली, केस पिकले, शाळेत पाढे म्हणून घेता घेता घसा कायमचा बसला, तरी ही सवय गेली नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाईंना गाड्यांची हौस आहे. हौस कसली, भीती आहे. इंजिन समोरून जातं तेव्हा मी ठीक असते. दहावा, पंधरावा डबा जाईपर्यंतही ठीक असते. तिसाव्याच्या पुढे मात्र तोंड कोरडं पडायला लागतं आणि तव्याचा वास येतो. चुलीवर रिकामा राहून धुरायला लागलेल्या लोखंडी तव्याचा. आजूबाजूला तवा कुठेच नसतो.

आणि नशीब असं की सुरतेजवळ कोसाडला आम्ही जिथे घर घेतलं, तिथे मागच्या बाजूने मालगाडीचीच लाइन जाते. हजिऱ्याकडच्या कारखान्यांची. तिच्यावर पॅसेंजर गाडी नाही, स्टेशन नाही, चहावाला नाही. दिवसातून काही वेळा फाटक पडतं, रिक्षावाले वैतागून इंजिन बंद करतात, आणि खताच्या, कोळशाच्या नाहीतर लोखंडी पेट्यांच्या गाड्या एकामागून एक डबे ओढत निघून जातात. घर बघायला आलो तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, आवाजाचा त्रास होईल का. आवाजाचा नाही होणार, असं मी म्हणाले. ते खरंच होतं.

गेल्या वर्षी माय गेली आणि आबांना मी नंदुरबारहून इथे घेऊन आले. आबा म्हणजे माझे वडील. अख्खी नोकरी मालगाडीचे गार्ड. ऐंशी ओलांडलेली, अंगावर मांस नाही, पण पाठ अजून ताठ. सामान म्हणून त्यांनी दोन पिशव्या आणल्या आणि खांद्यावर एक लाल गमछा. सुरतेत एवढी कापडं विणली जातात, दुसरा घेऊ या म्हटलं तर म्हणाले, हा जुना बरा, लांबून दिसतो. तेव्हा मला हसू आलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी त्यांना फाटकापर्यंत फिरवून आणू लागले. कुंपणापाशी सिमेंटचा एक जुना खांब आडवा पडलेला आहे, त्यावर बसायचं. गाडी आली की ते उठून उभे राहत. गाडीसमोर बसून राहणं त्यांच्या अंगात नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे त्यांना गाडी म्हणजे नुसती एक काळी पट्टी सरकताना दिसायची. पट्टी सरली की विचारायचे, "डबा गया का?" आणि मी सांगायचे, "गया, आबा."

डबा म्हणजे गार्डचा डबा. सगळ्यात शेवटचा, छोटा, दोन्ही टोकांना उघडी गॅलरी आणि आत हाताने फिरवायच्या ब्रेकचं चाक असलेला.

लहानपणी उधन्याला आमचं क्वार्टर लाइनच्या इतकं जवळ होतं की गाडी जाताना फडताळातल्या पितळी पेल्यांना कापरं भरायचं. उधन्याहून निघालेली लाइन चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरते आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर धरत जळगावला पोचते. आमच्या लहानपणी ती एकेरी होती. त्याच एका रुळावरून सगळं खानदेश सुरतेला आलं. माणसं पॅसेंजरने आली, यंत्रमागांवर उभी राहिली, आणि कापसाच्या गाठी, केळी, कोळसा, सिमेंट आबांच्या गाड्यांनी आलं. आमच्या गल्लीतल्या पोरांना वासावरून गाडी ओळखता यायची. केळीची गाडी गेली की गोडसर, जरासा आंबलेला वास ओट्यापर्यंत यायचा. कोळशाची गेली की वाळत घातलेले कपडे परत धुवायला लागायचे आणि बायका गाडीला शिव्या द्यायच्या. मिठाची गाडी मात्र कसलाच वास न सोडता जायची. तीच मला सगळ्यांत आवडायची.

इंजिनं काळी, वाफेची. ती धापा टाकत यायची, आणि चढावर धापेचा ताल मोडला की गल्लीतले सगळे गार्ड-ड्रायव्हर जेवता जेवता थांबायचे, पुन्हा ताल लागला की घास घ्यायचे. मग डिझेल आलं. त्याला धाप नव्हती, नुसती घरघर होती. पहिलं डिझेल इंजिन आलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्याला कुंकू लावलं. मायने लावलं नाही. तिचं म्हणणं होतं की पुढे काय जोडलं आहे याच्याशी आपल्याला काय करायचं, आपलं माणूस मागे असतं.

एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून लोखंडी गोळ्याची पद्धत होती. स्टेशनातल्या यंत्रातून एक गोळा निघायचा, तो वेताच्या कड्याला लावलेल्या चामडी पाकिटात घालून ड्रायव्हरला द्यायचे. गोळा इंजिनात आहे तोवर पुढच्या स्टेशनापर्यंतची लाइन आपली, दुसरं कुणी त्यात शिरणार नाही. पुढच्या स्टेशनात गोळा यंत्रात परत टाकला की लाइन मोकळी झाली. पण तो टाकायच्या आधी स्टेशन मास्तरने एक गोष्ट डोळ्यांनी बघायची असायची. गाडीचा शेवटचा डबा. तो दिसला म्हणजे गाडी पुरी आली, वाटेत काही सुटून राहिलं नाही. आबा सांगायचे, इंजिन काय, सगळेच बघतात, ज्याला नोकरी कळली तो शेवटचा डबा बघतो.

मायला नोकरी कळली होती. आबांची गाडी चलथाणकडून यायची त्या दिवशी ती ओट्यावर मला बसवायची आणि आत चुलीपाशी पीठ मळून तयार राहायची. इंजिनाची शिटी ऐकली की तवा चढवायची. डबे जात राहायचे, तवा तापत राहायचा. शेवटचा डबा आला की गॅलरीत आबा उभे, हातात हिरवी झेंडी, आमच्या क्वार्टरसमोर ती जरा जास्तच हलवायचे. मी ओरडायचे, "उना!" म्हणजे आला. तो शब्द ऐकूनच माय पहिली भाकरी तव्यावर टाकायची. त्याआधी कधी नाही. भाकरी आधी टाकली तर काय होईल, असं मी एकदा विचारलं होतं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्याने मी इतकी घाबरले की पुन्हा विचारलं नाही.

तर माझं काम एवढंच होतं. बघायचं आणि बोलायचं.

आबांचा एक लोखंडी पेटारा होता. त्यात झेंड्या, कंदील, कुलपं, मलमपट्टी, आणि एक चपटी गोल डबी. डबीत फटाके. दिवाळीचे नव्हेत, रुळाला बांधायचे. गाडी मध्येच अडकली तर गार्डने उतरून, लाल झेंडी धरून लांबवर चालत जायचं आणि रुळावर ते बांधायचे. दुसरी गाडी येत असली तर तिच्या चाकाखाली फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. सुटीच्या दिवशी आबा पेटारा पुसायला घरी आणायचे. नियमात बसत होतं की नाही, कोण जाणे. झेंड्या दोरीवर वाळत पडायच्या, त्यांना रॉकेलचा आणि घामाचा वास असायचा. डबी उघडून ते मला फटाके मोजायला लावायचे, हात न लावता, दोन हात लांबून. दहा. दर वेळी दहा. मी श्वास धरून मोजायचे, कारण जोरात श्वास सोडला तर ते फुटतील अशी माझी खात्री होती. माय म्हणायची, पोर भित्री निघाली, गार्डाच्या घरी जन्माला येऊन.

ते घडलं तेव्हा उसाचे दिवस होते. चलथाणच्या कारखान्याकडून मळीचा उग्र वास यायचा, आणि सकाळी दहाचं ऊन अजून कोवळं असायचं. शिटी झाली. माय आत तवा चढवत होती, तो दगडाला लागल्याचा आवाज मी ऐकला. इंजिन गेलं. ड्रायव्हरने हात केला. मी बोटं दुमडत मोजायला लागले. कोळशाचे रिकामे डबे होते, उघड्या तोंडाचे, पोकळ वाजणारे. छत्तीस. आणि छत्तिसाव्या डब्याच्या मागे काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं म्हणजे नुसतं ऊन होतं. शेवटच्या डब्याचा जोडणीचा आकडा लोंबत होता, ब्रेकची रबरी नळी खाली खडीला घासत चालली होती, आणि त्यामागे दोन रूळ. मी लाइनीच्या वरच्या अंगाला पाहिलं. रूळ उसात शिरले होते आणि तिथून काही येत नव्हतं. गाडी कशामुळे तुटली, तेव्हा ब्रेक का लागला नाही, चौकशीत कुणाचं नाव आलं, हे मला आजही नीट माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मला वाटलं माझं मोजायचं चुकलं. मी मनात पुन्हा एकपासून मोजलं. मग वाटलं, आपण बोललो नाही तर अजून ते झालेलं नाही. बोललो की होईल. मी तोंड मिटून घेतलं. ओट्यावर तशीच बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

आत माय माझ्या शब्दाची वाट बघत होती. किती वेळ, मला सांगता येणार नाही. तवा धुरायला लागला एवढा वेळ. तो वास बाहेर आला आणि त्याच्यामागून माय आली, दोन्ही हात पिठाने भरलेले. तिने लाइनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डबा?" एवढंच विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

मग माय पळाली. खडीवरून, अनवाणी, पदर खोचायलाही न थांबता, सिग्नलच्या केबिनच्या दिशेने. स्टेशनात खानदेशकडे जाणारी पॅसेंजर उभी होती, तिच्या इंजिनाचा धूर मला ओट्यावरून दिसत होता. ती सुटली असती तर थेट आबांवर जाणार होती. हे कळण्याइतकी मी मोठी होते, आणि उठून मायच्या मागे पळण्याइतकी नव्हते. पॅसेंजरने शिटी दिली तेव्हा मी कानांत बोटं घातली. चुलीवरचा तवा कुणी उतरवला नव्हता. त्याचा वास सगळ्या घरात भरला, माझ्या केसांत बसला, आणि मी एकटी त्या वासात बसून होते.

पॅसेंजर सुटली नाही. मास्तरने स्वतःच पाहून थांबवली, की मायने केबिनमध्ये जाऊन सांगितलं म्हणून थांबवली, यावर गल्लीत पुढे पुष्कळ दिवस वाद चालला. दुपारी एक इंजिन जाऊन मागे राहिलेले सात डबे आणि गार्डचा डबा घेऊन आलं. आबा घरी आले तेव्हा चेहरा राखेसारखा. पाणी प्यायले, आणि पहिल्यांदा कुणी पाहिलं, असं त्यांनी विचारलं. माय चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरनी देखं."

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सांगायला हवं होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

त्यानंतर ही गोष्ट आबांनी किती ठिकाणी सांगितली असेल त्याला गणती नाही. लग्नात, बारशाला, माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा. "मन्ही पोरनी गाडी वाचाडी," अशी सुरुवात व्हायची. मी पदराशी चाळा करत खाली बघायचे आणि लोक समजायचे, काय विनयशील मुलगी आहे. मायने ते खोटं श्रेय माझ्या नावावर का टाकलं, हे मी तिला कधी विचारू शकले नाही. आणि आबा स्वतः काय करत होते त्या वेळी, हे गल्लीतल्या लोकांनीच ठरवून टाकलं होतं. एकटा माणूस, हातात लाल झेंडी, रुळात छाती काढून उभा. आबा ते ऐकून गप्प बसायचे. तोही विनयच वाटायचा. पुढच्या सुटीला पेटारा घरी आला, तेव्हा मी फटाके मोजले होते. दहा. परत गोळा करून आणले असतील, असं मला वाटलं.

आता इकडे या नव्या गाड्या. विजेचं इंजिन येतं, कधी दोन जोडलेली, धाप नाही, घरघर नाही, वरच्या तारेचा बारीक सूर तेवढा ऐकू येतो. डबे पूर्वीपेक्षा लांब, उंच, सगळे एकसारखे. दीड महिन्यापूर्वी अशीच एक गाडी मोजता मोजता मी शेवटाला आले आणि शेवटच्या डब्यामागे काहीच नव्हतं. नुसतं ऊन. मी कुंपणाची तार धरली. फाटकावरच्या भाईला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "बेन, हवे तो गार्ड वगर पण चाले छे." गार्डाशिवाय चालणाऱ्या गाडीत शेवटच्या डब्याच्या आकड्याला एक पेटी लावलेली असते, तिच्यावर लाल दिवा लुकलुकतो, आणि गाडी पुरी आहे हे ती पेटीच इंजिनाला कळवते. सगळ्या गाड्यांना नाही अजून, पण होत चाललंय.

शेजारी आबा उभे होते. पट्टी सरली तशी त्यांनी विचारलं, "डबा गया का?"

आणि मी म्हणाले, "गया, आबा."

काय सांगणार होते? की तुम्ही जिथे पस्तीस वर्षं उभे होतात ती जागाच आता गाडीला नाही? मी ठरवलं, त्यांना दिसत नाही तोवर दिसत नाही. त्यानंतर कधी डबा असायचा, कधी नसायचा, माझं उत्तर एकच. मागच्या पंधरवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला तो दिवस सोमवार होता. त्या संध्याकाळी फिरायला जायला नको म्हणून मी सतरा कारणं सांगितली. त्यांनी चपला घातल्या आणि दारात जाऊन उभे राहिले.

फाटक पडलेलंच होतं. पुढे दोन इंजिनं, मागे कोळसा. ते उभे राहिले, मी उभी राहिले. चाकं घासल्याचा, तापलेल्या लोखंडाचा वास आला. पन्नास मोजल्यावर मी मोजायचं सोडलं. शेवटचा डबा गेला, पेटीवरचा दिवा लुकलुकला, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "गया, आबा."

ते माझ्याकडे बघत होते. ऑपरेशन झालेला डोळा पाण्याने भरलेला, पण बघत होता. मला ती नजर सोसवेना. मी पर्समध्ये मोबाईल शोधायचं नाटक केलं. वर पाहिलं तेव्हा काठी कुंपणाला टेकवलेली होती आणि आबा तारेतल्या फटीतून पलीकडे गेले होते. खडीवरून चालत होते, गाडी गेली त्या दिशेला नव्हे, जिकडून आली तिकडे. उजव्या हातात लाल गमछा, हात वर. पावलं मोजून टाकत होते, नियमाप्रमाणे.

भाईने केबिनमधून हाका मारल्या, "बेन, दादा पाटा पर गया." वळणापलीकडून हॉर्न वाजला. एक इंजिन येत होतं, त्याच रुळावर. आणि मला तव्याचा वास आला. पाय जागच्या जागी रोवले गेले, तोंड मिटलं. मी पुन्हा त्या ओट्यावर होते. आपण बोललो नाही तर अजून काही झालेलं नाही, हे जुनं वाक्य कुणीतरी माझ्या कानात सांगत होतं, आणि कबूल करायला हवं, मी ते ऐकतही होते. इंजिनाचं तोंड वळणावर दिसलं. आबा रुळाच्या मधोमध.

मग माझा तो कायमचा बसलेला घसा उघडला.

"आबा, डबा नही! डबा नव्हताच!"

ते थांबले. वळून पाहिलं. मी फटीतून घुसले, साडी फाटल्याचं नंतर कळलं, खडीवरून धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि बाजूला ओढलं. इंजिन किंचाळत आलं आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर उभं राहिलं. लाल कापड त्याला लांबून दिसलं होतं.

त्यातून एक मुलगी उतरली, पंचविशीची, निळा शर्ट, घट्ट वेणी. सहायक ड्रायव्हर. आता ही ओरडणार, पोलीस बोलावणार, असं मला वाटलं. त्याआधीच आबा ताठ उभे राहिले, गमछा खाली घेतला, आणि तिला हिंदीत रिपोर्ट दिला. गाडी पार्ट होऊन, म्हणजे मधेच तुटून, पुढे गेली आहे, मागे गार्ड एकटा आहे, लाइन बंद करा. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती म्हणाली, "सर, पीछे कोई नहीं है. हम पूरी लाइन देखते हुए आए हैं."

"पक्का?"

"पक्का, सर. एक भी डिब्बा नहीं छूटा."

आबांनी मान हलवली. तिने त्यांना हात धरून कुंपणापर्यंत आणून सोडलं, पुन्हा असं करू नका म्हणाली, तेही हळू आवाजात. इंजिन गेलं. भाईने केबिनबाहेरचा बाक पुसून दिला, पाणी दिलं. मी खाली पायरीवरच बसले.

आबा पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, कधीपासून. मी पेटीचं सगळं सांगितलं. महिनाभर मी बघत होते तेही सांगितलं.

"तू देखं. मंग बोलनी काबर नही?"

का बोलले नाही, हे त्यांनी आजचं विचारलं होतं. पण माझ्यापाशी आता दोन्ही उत्तरं एकच होती, आणि घसा उघडला होता तो पुन्हा मिटायच्या आत मी सांगून टाकलं. तेव्हाही बोलले नव्हते. डबा नाही हे मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले होते. तवा धुरायला लागेपर्यंत. मायनी देखं, आबा, मी नही. माले भ्याव वाटना.

फाटक उघडलं. अडकलेल्या रिक्षा, स्कुटरी एकदम सुटल्या. त्यांचा गलका संपेपर्यंत आबा गमछ्याची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घालत राहिले.

"माले बी वाटना व्हता," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"मी खाले उतरनूच नही. डबामाच बठेल व्हतू, ब्रेकनं चाक धरीसन. डबी उघाडीच नही."

दहा. पुढच्या सुटीला मी मोजलेले दहाच्या दहा फटाके. झाकणावर कोळशाची धूळसुद्धा तशीच बसलेली होती, आता आठवलं. लोकांनी उभी केलेली ती लाल झेंडीवाली मूर्ती आणि माझी गाडी वाचवणारी पोर, दोघं चाळीस वर्षं एकमेकांना घाबरत राहिलो. खरं काय ते फक्त मायला माहीत होतं, निदान माझ्यापुरतं तरी. आबांचंही तिला माहीत होतं का, हे विचारायला आता ती नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडले, भर रस्त्यात, भाईच्या समोर. आज ते कुणासाठी निघाले होते हे मला कळलं होतं. त्या उसात, डब्यात, चाक धरून बसलेल्या माणसाकडे कुणीतरी चालत जायला हवं होतं.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती माझ्यासोबतच जाईल. फटीला भाईने तार बांधली आहे, तरी मी आबांचा हात सोडत नाही. रोज पाचला आम्ही जातो. गाडी येते, ते उठून उभे राहतात, मी डबे मोजते, तिसाव्यानंतर तोंड कोरडं पडतं. शेवट आला की मी आता लगेच सांगते, असेल तर आहे, नसेल तर नाही. नसेल त्या दिवशी ते विचारतात, "मांगे कोणी ऱ्हायनं तं नही ना?"

पहिल्या दिवशी मी पटकन नाही म्हणाले, तर त्यांनी माझ्या हाताला झटका दिला.

"देखीसन सांग."

तेव्हापासून मी खरंच बघते. डोळ्यांवर हात धरून, गाडी जिकडून आली तिकडे, रूळ जिथे वळतात तिथपर्यंत, आणि मगच सांगते.